जंगलाच्या नावाची काठी

अण्णा, तुझी काठी अजून दाराआडच हाय. वादी खुंटीला अडकवलेली, डोकं वर, टोक खाली, तू ठेवायचास तशीच. तुला जाऊन पंधरवडाही झाला न्हाई आणि आज खंडेनवमी. आपल्या लिंगायतांत सुतक पाळत न्हाईत, हे तूच गावभर सांगत फिरायचास, तेव्हा पूजा चुकवायला मला सबब न्हाई. सकाळीच पाट मांडला. विळी, खुरपं, कुऱ्हाड, कोयता, सगळं घासून ठेवलं. तुझा लिहायचा टाकही ठेवला. आता पाटाच्या कडेला एक लांबट जागा उरलीय आणि मी तिच्याकडं बघत बसलेय.

दरसाल याच जागेवरून आपलं भावाबहिणीचं वाजायचं. मी म्हणायची, काठी पाटावर ठेव, हत्यार हाय ते. तू म्हणायचास, "हत्यार न्हाई गौरा, ते एका जंगलाचं नाव हाय." मी म्हणायची, जंगलाला चामड्याची वादी कामून लागती? तू हसायचास, हळदीकुंकवाची वाटी बाजूला सारायचास आणि काठी दाराआड नेऊन अडकवायचास. टाक मात्र आपल्या हातानं पाटावर ठेवायचास. टाक हत्यार आणि हे काळं दांडकं जंगल, असला तुझा न्याय.

यंदा अडवायला तू न्हाईस. उचलली की ठेवली, एवढंच काम. पण हात होईना, कारण यंदा गोष्ट कुंकवाच्या बोटाची राहिली न्हाई. मंठाळच्या बाजारात त्या दिवशी तू भ्यालास का, एवढं मला कळायला पाहिजे. ही काठी हत्यार असली तर हातात हत्यार असून तू मार खाल्लास. नुसतं लाकूड असलं तर लाकडासाठी पाय मोडून घेतलास. यातलं एकही मला नको, आणि तिसरं काही तू सांगून गेला न्हाईस.

तुझ्याशी भांडायचं म्हणजे पहिल्यापासून भांडावं लागतं. हैदराबादेत शिकायला होतास तेव्हा तू एका म्हाताऱ्या इंजिनियर साहेबाला मराठी आणि कानडी शिकवायला जायचास. निझामाच्या रेल्वेत त्याचा जन्म गेला होता. त्याला इंग्रज म्हणलेलं खपायचं न्हाई, तो आयर्लंडचा. एकदा तू चुकून म्हणलास तर त्यानं तुला चहा दिला न्हाई, हे तू किती वेळा सांगितलंस. पुढं तू मुडबीच्या शाळेत मास्तर झालास, वैनी गेली, इकडं माझा नवरा गेला आणि मी मंठाळचं सासर सोडून तुझ्या चुलीपाशी आले. रझाकारांचे दिवस आले तसा तो साहेब गाशा गुंडाळून मायदेशी निघाला. तू त्याला पोचवायला गेलास आणि ही काठी घेऊन परत आलास.

कमरेएवढी उंच, काळी कुळकुळीत, जागोजागी काटे छाटल्याच्या गाठी. वरचं डोकं म्हणजे त्या झाडाचं मूळच, मुठीएवढं. त्याच्या खाली भोक पाडून वादी ओवलेली. मी हात लावायला गेले तर तू म्हणलास, थांब, आधी नाव ऐक. नाव काय तर शिलेला. मी म्हणलं, काठीला नाव असतंय व्हय? मग तू ओट्यावर मांडी घालून बसलास आणि वर्गात सांगावं तसं सांगायला लागलास.

शिलेला हे त्यांच्याकडच्या एका गावाचं नाव. त्या गावाला ओकाच्या झाडांचं मोठं रान होतं. आपल्याकडं सागवान तसं त्यांच्याकडं ओक. त्या रानातल्या लाकडाच्या काठ्या मुलखात नावाजल्या, आणि लोक काठीलाच शिलेला म्हणायला लागले. पुढं ते रान तुटलं, कुणाच्या जहाजाला गेलं, कुणाच्या आढ्याला गेलं. ओक उरला न्हाई. मग लोक दुसऱ्याच झाडाच्या काठ्या करायला लागले, आपल्या बोरीसारखं काटेरी झाड, काळ्या सालीचं, आंबट फळाचं. ही काठी त्याच झाडाची. झाड बदललं, रान गेलं, नाव तेच राहिलं. तू म्हणलास, "बघ गौरा, ज्या रानाचं नाव हिला हाय त्या रानाचं एक पान पण हिच्यात न्हाई." तुझे डोळे पाणावले होते. काठीसाठी रडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

आणि दुसऱ्याच दिवशी तू लोणी मागितलंस. साहेबाच्या मुलखात म्हणे काठी तोडली की तिला लोणी चोळतात आणि धुराड्यात टांगून ठेवतात, महिनोन् महिने. धुरानं काळी होती, लोण्यानं तडकत न्हाई. आपल्याकडचा कोरडा वारा तिला सोसायचा न्हाई, म्हणून दरसाल एकदा लोणी लावून चुलीवर टांगायची, असा तुझा बेत. मी म्हणलं, एक म्हैस, तिचं एवढंसं लोणी, ते काठीला लावलं तर मी काय कोरडी भाकरी खाऊ? तू म्हणलास, एक दिवस खा. दर हिवाळ्यात एक दिवस मी कोरडी भाकरी खाल्ली आणि दर हिवाळ्यात तुला त्यावरून बोलले. डोक्याला लोणी मात्र तू आपल्याच हातानं लावायचास. मला फक्त दांडा द्यायचास.

त्या शब्दाचा दुसरा अर्थ तू मला बऱ्याच दिवसांनी सांगितलास, तोही मी सारखी वादीवरून टोचायची म्हणून. साहेबाचा आजा म्हणायचा, शिलेला म्हणजे रान. पण साहेबाचा एक चुलता होता, जत्रेत मारामाऱ्या करणारा. तिकडं म्हणे जत्रेत गावंच्या गावं काठ्या घेऊन एकमेकांवर तुटून पडायची. तो चुलता म्हणायचा, रान-बीन काही न्हाई, आपल्या जुन्या बोलीतले हे दोन शब्द हायत, एक दांडकं आणि एक वादी. मनगटाला वादी गुंडाळायची म्हणजे मारताना दांडकं हातातून सुटत न्हाई. आणि काही जण तर डोकं पोखरून आत शिसं ओततात. त्यातला एक फटका बसला की माणूस उठत न्हाई.

मी विचारलं, "हिच्यात हाय का शिसं?"

तू म्हणलास, "न्हाई. आजाचं खरं, चुलत्याचं खोटं."

"तुला काय ठावं?"

"मला आजा पटतो," तू म्हणलास. हे काय उत्तर झालं?

मग पोलीस ॲक्शन झाली. रझाकार पळाले, मिलिटरी आली, आणि ज्यांनी वर्षभर दार लावून काढलं त्यांनीच आता कुणाकुणाची दारं ठोठावायला सुरुवात केली. दवंडी फिरली की बंदूक, तलवार, भाला, जंबिया, जे असेल ते चावडीवर आणून जमा करा. लपवलेलं सापडलं तर धरून नेऊ. पहिल्याच दिवशी पलीकडच्या आळीतल्या एकाला कडब्यात तलवार सापडली म्हणून हात बांधून नेलं. ती त्याच्या आज्याची, गंजून म्यानाला चिकटलेली. कुणीतरी चुगली केली होती. आणि दुसऱ्या दिवशी तुझी चुगली झाली: मास्तराकडं परदेशी हत्यार हाय, एका गोऱ्या साहेबानं दिलेलं.

शिपाई बोलवायला आला तेव्हा तू काठी आपणहून हातात घेतलीस. मी म्हणलं, ठेवून जा, विहिरीत टाकते. तू म्हणलास, विहिरीत टाकलं की हत्यार झालं. मी समोरच्या माळवदावर चढून चावडीकडं बघत बसले. टेबलाशी परमुलखातला अधिकारी, शेजारी तलवारींचा ढीग, दोन्हीकडं बंदुका घेतलेले शिपाई. तुझ्या पुढच्या माणसाला त्यांनी चाकूवरून थोबाडीत दिली. मग तू. त्यानं काठी घेतली, टेबलावर डोकं आपटून बघितलं, तळहातावर तोलली आणि म्हणाला, "ये तो बहुत भारी है." ते मला वरपर्यंत ऐकू आलं.

तू इंग्रजीत बोलायला लागलास. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तू हात पसरून झाडं दाखवायला लागलास तेव्हा समजलं की तू त्याला रान सांगायलास. बंदुकीच्या तोंडासमोर उभं राहून तू त्या माणसाला आयर्लंडचं गाव, ओक, जहाजं, काळं काटेरी झाड आणि लोणी सांगायलतास. वादीचं बोलला न्हाईस, चुलत्याचं बोलला न्हाईस. तो आधी आठ्या घालून ऐकत होता, मग कंटाळला, मग हसला, आणि काठी तुझ्याकडं ढकलून पुढच्याला बोलावलं. रान होतं म्हणून त्या दिवशी माझा भाऊ घरी आला, एवढं मी मान्य करते.

पण घरी येऊन तू ओट्यावर बसलास तेव्हा काठीकडं पहिल्यासारखं बघत नव्हतास. एक-दोन दिवसांनी भर दुपारी तू आतल्या खोलीचं दार लावून बसलास. घरभर लाखेचा वास. मी दार वाजवलं तर आतून म्हणलास, परीक्षेची पाकिटं बंद करायलोय. परीक्षा तर तेव्हा कुठल्या? शाळाच उघडली नव्हती. मी मनात म्हणलं, मास्तर लोकांचं काही खरं न्हाई, आणि भाकऱ्या थापायला गेले.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, न्हाई का रे? तू काठी घेऊन शाळेत जायचास, पोरं तुला शिलेला मास्तर म्हणायची. तुला काठीची गरज नव्हती, निव्वळ ऐट. पण एक होतं, कुणाच्या हातात ती द्यायचा न्हाईस. पाहुण्यानं मागितली, न्हाई. पोरांनी खेळायला मागितली, तर तू अंगावर ओरडायचास, आणि तू कधी ओरडायचा न्हाईस. मी म्हणायची, साहेबाची मूर्ती करून ठेवलीय.

मग ते भाषेचं आलं. आपली मोगलाई, म्हणजे निझामाचा जुना मुलूख, मोडणार, तिचे तुकडे होणार, आणि सरकारची माणसं येऊन विचारणार की कोणत्या गावात कोणती बोली. आजवर आपल्याला हे कुणी विचारलं नव्हतं. घरात आईशी, आपल्या अव्वाशी, कानडी, आपसात मराठी, कचेरीत दखनी उर्दू, असं चाललं होतं आणि कुणाचं अडलं नव्हतं. आता माणसं एकमेकांच्या दारावरून जाताना कान लावायला लागली, आत कोणत्या बोलीत भांडण चाललंय म्हणून. तू रोज म्हणायचास, "रान तोडतील गौरा, पण नाव राहील. आपल्याला लोक पुढं पण मोगलाईतलेच म्हणतील, बघ तू." कोण म्हणतंय आणि कोण न्हाई, पुढच्या महिन्यात मोगलाई जाईल तेव्हा बघते.

त्या बाजाराच्या दिवशी आपण गाडी जुंपून मंठाळला गेलो ते तुरीची डाळ आणायला. माझ्या सासरचं गाव, तेव्हा मल्लू भेटणार हे माहीत होतंच. मल्लिनाथ, माझा दीर. मी लग्न होऊन गेले तेव्हा तो एवढासा होता, आई नसलेला. मी त्याला मांडीवर घेऊन दूधभाकर चारलीय. आता तो मिशा पिळून बाजारात पुढारपण करायलता. कोणत्या बाजूचा ते मी लिहीत न्हाई. तुला ते आवडलं नसतं, आणि हात तर तुझ्यावर दोन्ही बाजूंनी टाकले.

त्यांनी तुला ओट्यावर उभं केलं. मास्तर माणूस, दोन्ही बोलीत शिकलेला, तुझा शब्द गावोगाव जाईल म्हणून. मी गाडीत बसून बघत होते. मल्लूच म्हणाला, "मास्तर, चार माणसांत सांगा, तुमची मातृभाषा कोणती?"

तू म्हणलास, "माझी अव्वा कानडीत थोपटायची आन मराठीत मारायची. आता तुमीच ठरवा, म्हातारीची जीभ कुठून कापायची ते."

लोक हसले. ते हसले तेव्हाच मला धास्ती वाटली, कारण मल्लू हसला न्हाई.

"सरळ बोला," तो म्हणाला.

"सरळच बोलायलो. दोन्ही लिहा."

"दोन्ही चालत न्हाई."

"मग विचारणाराचं चुकलंय," तू म्हणलास, आणि ओट्यावरून उतरायला वळलास.

कुणीतरी तुझी टोपी उडवली. कुणीतरी गचांडी धरली. मल्लूनं काठीला हात घातला. आणि अण्णा, मी गाडीत उभी राहून ओरडले, "हाण त्याला, अण्णा." माझ्या पोरासारखा दीर तो, आणि मी म्हणलं हाण. सख्खा भाऊ समोर मार खायला लागला की माणूस काय बोलतो त्याचा हिशोब नसतो. तू मला ऐकलंस. माझ्याकडं बघितलंस. आणि काठी उगारायच्या ऐवजी तिचं डोकं काखेत घातलंस, दोन्ही हात त्याच्याभोवती आवळलेस आणि वाकून उभा राहिलास.

पाठीवर पडत होतं, तोंडावर पडत होतं, तू हात सोडवून तोंड झाकलं न्हाईस. मल्लू टोकाला धरून ओढायलता, "सोड मास्तर, काठी सोड," आणि तू पोट धरल्यासारखा त्या लाकडाला धरून. काठी सुटेना तसं त्यानं तुझ्या गुडघ्यावर लाथ घातली. तू ओट्यावरून खाली गाडीच्या चाकावर पडलास. पडल्यावरही काखेतलं डोकं सोडलं न्हाईस. मग मात्र सगळे भ्याले आणि पांगले. तुला गाडीत घालताना मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, काठीला जपलं आन पाय मोडून घेतला." ते वाक्य मुडबीला आपल्या आधी पोचलं.

हाड वाकडं बसलं. ऐटीची काठी खरंच चालायची काठी झाली. आणि मी तुला रोज विचारलं. पेज देताना विचारलं, पाय शेकताना विचारलं. तुझ्या हातात एवढं दांडकं होतं, एक तरी हाणायचास की. तू म्हणायचास, "काठी चालायची असती." एकदा माझा तोल गेला आणि मी तोंडावर म्हणलं, तू भ्यालास, रान-बीन सगळी थापेबाजी, तू भित्रा हायस. तू म्हणलास, "व्हय, भ्यालो." आणि पाय धरून उठलास, काठी टेकत अंगणात गेलास.

मल्लूशी मी बोलणं टाकलं. तो दोनदा दारापर्यंत येऊन गेला, मी भांडी घासत राहिले. तू म्हणायचास, बोल त्याच्याशी, तुझंच लेकरू हाय. मी म्हणायची, आधी तू सांग कामून न्हाई हाणलंस, मग बोलते. असं करत राहिलं. मग तुला ताप चढला, उतरला न्हाई. समाधीच्या खड्ड्यात तुला बसवलं, तळहातावर तुझं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, तेव्हा कुणी म्हणालं, मास्तराची काठीपण आत ठेवा. मी हिसकावून घेतली. मल्लू लांब लिंबाखाली उभा होता, जवळ आला न्हाई. मी काठी छातीशी धरून घरी आले, आणि तेव्हापासून ती दाराआड हाय.

इथवर लिहिलं आणि उठले. ठरवलं की काही झालं तरी पुसून तरी घ्यावी. पाटावर जावो न जावो, धूळ कामून राहू द्यायची.

आता हे दुसऱ्या दिवशी लिहायलेय, दसरा झाला.

ओल्या फडक्यानं दांडा पुसला. डोकं मी कधी पुसलं नव्हतं, तू हात लावू देत नव्हतास. त्यावर इतक्या वर्षांच्या लोण्याचा आणि काजळीचा थर. राख लावून घासलं. वरचा थर निघाला आणि माथ्यावर गोल दिसलं, रुपयाएवढं. बाकी सगळं काळं आणि तो गोल तांबडा. नखानं खरवडलं. लाख होती. शाळेच्या पाकिटांची लाख, तुझ्या टेबलाच्या खणात तिची कांडी अजून पडलीय.

मी काठी घेऊन अंगणातल्या हौदापाशी गेले आणि पाण्यात सोडली. लाकूड आडवं तरंगतं, अण्णा. ही आडवी झालीच न्हाई. डोकं सरळ तळाशी गेलं आणि टोक पाण्याबाहेर ताठ उभं राहिलं, वादी पाण्यात हलत. मी हौदाच्या कडेला बसून बघत राहिले. चुलता खरा निघाला. मी खरी निघाले. दरसाल मीच खरी होते आणि तुला ते माहीत होतं.

चावडीवरून आलास तेव्हा काठीकडं तसं कामून बघत होतास, ते काल कळलं. तो अधिकारी जड म्हणाला आणि तुला संशय आला. दार लावून तू माथा उघडून बघितलास, आत शिसं बघितलंस आणि पुन्हा लाख ओतलीस. काढून कामून टाकलं न्हाईस? साहेबाची वस्तू म्हणून हात धजला न्हाई, का आज्याचं खोटं पाडवलं न्हाई? हे मला कळलेलं न्हाई आणि आता कळायचं न्हाई. पण पोरांच्या अंगावर कामून ओरडायचास ते कळलं. मंठाळच्या ओट्यावर तोंड उघडं टाकून तू काय झाकून धरलं होतंस ते कळलं. तुला हाणायचं नव्हतं, आणि त्यांच्या हातातही ते जाऊ द्यायचं नव्हतं. व्हय भ्यालो, म्हणालास ते खरंच होतं. पण कशाला भ्यालास ते सांगायला काय झालं होतं तुला? मी रोज विचारत होते. बहिणीला एवढं सांगायला जीभ झिजत होती का? राग आलाय मला तुझा, आणि तो एवढ्यात जायचा न्हाई.

दुपारी मल्लू आला, शमीची, आपली बन्नीची, पानं घेऊन. दसऱ्याला तरी वैनी हाकलणार न्हाई असं वाटलं असेल. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "वैनी, बन्नी घ्या," म्हणाला, खाली बघून.

मी पानं घेतली न्हाईत. दाराआडची काठी काढली आणि पुढं केली. "धर. तवा सोडवून घ्यायलतास ना? घे."

पानं खाली ठेवून त्यानं काठी मधोमध धरली. डोकं एकदम खाली गेलं, त्याचं मनगट वळलं, दुसरा हात लावून त्यानं सावरली. "हे काय वैनी, एवढं जड?"

"शिसं हाय आत. एक फटका बसला की माणूस उठत न्हाई."

मग त्याचा एक हात हळूहळू वर गेला, टोपी मागं सरली आणि कानाच्या वरच्या हाडावर जाऊन थांबला. मी ओरडलेलं त्यानंही ऐकलं होतं त्या दिवशी.

"अण्णाला ठावं होतं?"

मी त्याला माथ्यावरची लाख दाखवली. सांगितलं, त्यानंच लावलेली हाय.

मल्लू उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "वैनी, मी वढायलतो ते हाणायलाच वढायलतो. डोकं तापलं होतं. माझ्या हाती आली असती तर अण्णाच्याच न्हाईतर पलीकडच्या एखाद्याच्या टाळक्यात घातली असती म्या. मला काय ठावं आत काय हाय ते." मग तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. भाकरी विचारली न्हाई, ते अजून माझ्यानं होत न्हाई. पण पानं उचलून घेतली. तू म्हणला होतास बोल, तर बोलले.

तो गेल्यावर काठी पुन्हा एकदा पुसून घेतली. पाट अजून तसाच मांडलेला होता, कडेची जागा तशीच रिकामी. मी तिथं ठेवली न्हाई, अण्णा. माथ्यावर लाखेची कांडी तापवून पुन्हा नीट बसवली, जिथं माझं नख लागलं होतं तिथं. चुलीवर, धुरात, तू टांगायचास त्या खुंटीला टांगलीय. लोणी सकाळीच निघालं होतं, ते सगळं लावलं, डोक्यालासुद्धा. भाकरी मी कोरडीच खाल्ली.